हातात मावणारा फोन, ५५ ते ८५ हजार: एस२५, आयफोन १७, पिक्सेल १०, वनप्लस १३एस की विवो एक्स२०० एफई?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. एका हाताने वापरता येईल असा, ६.२ ते ६.३ इंच पडद्याचा फोन घ्यायचा आहे. यादी गाळत गाळत पाचावर आली आहे: सॅमसंग गॅलॅक्सी एस२५, आयफोन १७, पिक्सेल १०, वनप्लस १३एस आणि विवो एक्स२०० एफई. पाचही २०२५ मध्ये भारतात आलेले. बाजारात आले तेव्हाच्या किमती: वनप्लस आणि विवो ५४,९९९ पासून, पिक्सेल ७९,९९९, एस२५ ८०,९९९ आणि आयफोन ८२,९००.

तुलनेचे तक्ते बरेच पाहिले. त्यांत सगळ्यांना १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० वेळा बदलणारा) पडदा, सगळ्यांना ५० च्या आसपास मेगापिक्सेल. फरक दिसतो तो बॅटरीत: एस२५ ला ४,००० एमएएच आणि एक्स२०० एफईला ६,५००. मग एस२५ साठी २६ हजार जास्त का मोजायचे, हे तक्ता सांगत नाही.

वापर असा: फोन पाच वर्षं तरी टिकायला हवा. घरातल्या उजेडात लहान मुलांचे फोटो, आणि शाळेच्या गॅदरिंगमध्ये मागच्या रांगेतून स्टेजचे. दोन सिम, एक जिओ आणि एक एअरटेल. महिन्यातले काही दिवस कोकणात, तिथे रेंज जेमतेम असते. मराठी टायपिंग भरपूर. गेम अजिबात नाहीत. सध्या अँड्रॉइड आहे आणि वॉट्सॅपवरचं जुनं सगळं नव्या फोनवर यायला हवं.

सोल्डरगन

या आकाराच्या फोनला प्रश्न उलटा विचारा: कंपनीने काय वगळलं आहे? मोठ्या फोनमध्ये बॅटरी, कॅमेरे आणि उष्णता पसरवणारा व्हेपर चेंबर सगळं बसतं. सहा-सव्वासहा इंचात काहीतरी सोडावंच लागतं, आणि पाचही कंपन्यांनी वेगवेगळी गोष्ट सोडली आहे. तक्त्यात असलेल्या गोष्टी छापतात, नसलेल्या नाहीत, म्हणून सगळे सारखे वाटतात.

एस२५ मध्ये बॅटरी सोडली. त्याबदल्यात फोन १६२ ग्रॅमचा आणि ७.२ मिलिमीटर जाडीचा, पाचांत सर्वांत हलका. आत स्नॅपड्रॅगन ८ एलिट, १२ जीबी रॅम, व्हेपर चेंबर, वायरलेस चार्जिंग, तीन कॅमेरे, वेगवान यूएसबी, आणि केबलने टीव्हीला जोडून संगणकासारखं वापरायचं डेक्स. एस२४ ची परीक्षणं वाचून एस२५ बद्दल मत बनवू नका. भारतातल्या एस२४ मध्ये एक्झिनॉस २४०० होता, एस२५ मध्ये सगळीकडे स्नॅपड्रॅगन आहे.

वनप्लस १३एस मध्ये प्रोसेसर तोच वर्ग, ५,८५० एमएएच बॅटरी आणि ८० वॅट चार्जिंग. पण अल्ट्रावाइड (रुंद दृश्य टिपणारा) कॅमेरा नाहीच. वायरलेस चार्जिंग नाही. पाण्यापासून संरक्षण आयपी६५, म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि पाण्याचा फवारा चालेल, फोन बादलीत पडला तर भरवसा नाही. बाकी चौघे आयपी६८ चे आहेत.

विवोने प्रोसेसर एक पिढी मागचा घेतला, डायमेन्सिटी ९३००+, आणि स्टोरेज यूएफएस ३.१, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या प्रकारचं. तुमच्या वापरात आज याचा फरक जाणवणार नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी अॅप जड झाले की जाणवेल. वायरलेस चार्जिंग इथेही नाही.

पिक्सेल १० चा प्रोसेसर टेन्सर जी५ हा टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ३ नॅनोमीटरवर बनलेला पहिला टेन्सर, आधीचे सॅमसंगच्या कारखान्यातले. सुधारणा खरी आहे, तरी नुसत्या ताकदीत तो स्नॅपड्रॅगन ८ एलिट आणि आयफोनच्या ए१९ च्या बराच मागे राहतो. व्हेपर चेंबर फक्त प्रो मॉडेलांत. वजन २०४ ग्रॅम, आणि 'हातात मावणारा' ही पहिली अट असेल तर हे वजन दुकानात पाच मिनिटं एका हातात धरून बघाच.

आयफोन १७ मध्ये टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारा कॅमेरा) नाही. आयफोन १६ पर्यंत साध्या मॉडेलला ६० हर्ट्झचाच पडदा होता, १७ ला १२० हर्ट्झ आणि किमान २५६ जीबी मिळालं, त्यामुळे तो पहिल्यांदाच या यादीत मानाने बसतो. काचेवर चकाकी कमी करणारा थर आहे, उन्हात वाचताना त्याचा उपयोग होतो.

एक बारीक गोष्ट, जी फार कोणी लिहीत नाही. आयफोन १७, १३एस आणि एक्स२०० एफई या तिघांच्या यूएसबी पोर्टचा वेग यूएसबी २ चा आहे. प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबी. मुलांचे १०० जीबी व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवायला पाऊण तास. एस२५ आणि पिक्सेलवर हेच काम काही मिनिटांत होतं, मात्र केबलही वेगवान हवी. चार्जरसोबतच्या बऱ्याच केबल यूएसबी २ च्याच असतात.

पाच वर्षांच्या अटीसाठी अपडेट: एस२५ आणि पिक्सेल १० ला सात वर्षं, अँड्रॉइडच्या आवृत्त्या आणि सुरक्षा दोन्ही. १३एस ला चार आवृत्त्या आणि सहा वर्षं सुरक्षा. एक्स२०० एफईला चार आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. सेलमध्ये वर्षभर जुना फोन घेतला की त्यातलं एक वर्ष गेलेलं असतं. अॅपल असा ठळक आकडा मिरवत नाही, पण २०१९ च्या आयफोन ११ ला आयओएस २६ मिळालं आहे, त्यावरून अंदाज घ्या.

छायाप्रकाश

कॅमेऱ्याचं बोलतो. मेगापिक्सेल विसरा, सेन्सरचं क्षेत्रफळ काढा. पद्धत सोपी: फोटोची रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये घ्या, दोन्हींना पिक्सेलच्या आकाराने (मायक्रॉन) गुणा, हजाराने भागा, मिलिमीटर मिळतात.

एस२५ चा मुख्य सेन्सर: ८१६० × ६१२० पिक्सेल, प्रत्येकी १ मायक्रॉन, म्हणजे साधारण ८.२ × ६.१ मिमी, ५० चौरस मिमी. आयफोन १७, १३एस आणि एक्स२०० एफई याच घरात आहेत. पिक्सेल १० चा मुख्य सेन्सर ०.८ मायक्रॉनचा, ६.४ × ४.८ मिमी, म्हणजे ३१ चौरस मिमी. आधीच्या पिक्सेल ९ मध्ये हेच क्षेत्रफळ ७० च्या वर होतं. पिक्सेल १० ला ५ पट टेलिफोटो मिळाला खरा, पण त्यासाठी मुख्य आणि अल्ट्रावाइड दोन्ही सेन्सर लहान केले. गूगलची प्रक्रिया इतकी चांगली आहे की दिवसा कळत नाही. ट्यूबलाइटखाली हलणारं मूल टिपताना कळतं.

आता टेलिफोटो, कारण तुम्हाला स्टेजचे फोटो हवेत. एस२५ चा ३ पट टेलिफोटो १० मेगापिक्सेल, १ मायक्रॉन: जेमतेम १० चौरस मिमी. एक्स२०० एफईचा ३ पट टेलिफोटो ५० मेगापिक्सेल, ०.८ मायक्रॉन: ३२ चौरस मिमी, म्हणजे तिप्पट. मागच्या रांगेतून स्टेज टिपायचं असेल तर या पाचांत मी डोळे मिटून विवो घेईन. त्याचा अल्ट्रावाइड मात्र ८ मेगापिक्सेलचा, ग्रुप फोटोत कडेचे चेहरे मऊ येतात. आयफोनमध्ये '२ पट' म्हणजे ४८ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा मधला तुकडा. तो चांगला येतो, पण गॅदरिंगला २ पट पुरत नाही.

दुकानात एक चाचणी नक्की करा. कॅमेरा उघडून ३ पटवर जा आणि मागच्या लेन्सवर एकेक करून बोट ठेवा. टेलिफोटोच्या लेन्सवर बोट ठेवल्यावर चित्र झाकलं जायला हवं. मग हाच प्रयोग अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा अगदी जवळच्या वस्तूवर करा. बरेच फोन उजेड कमी पडला की गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर जातात आणि त्याचाच तुकडा कापून '३ पट' म्हणून दाखवतात. सॅमसंगवर हे थांबवता येतं: गॅलॅक्सी स्टोअरमधून 'कॅमेरा असिस्टंट' घ्या आणि त्यात लेन्स आपोआप बदलण्याचा पर्याय बंद करा. त्याच अॅपमधला, बोट टेकताच फोटो घेणारा शटरचा पर्याय चालू करा. सॅमसंगवर हलणारी मुलं पुसट येतात ही तक्रार जुनी आहे, त्याने थोडी कमी होते.

उरलेली तक्रार शटरच्या वेगाची. घरातल्या उजेडात ऑटो मोड १/३० किंवा १/५० सेकंदावर जातो आणि धावणारं मूल पुसट येतं. प्रो मोडमध्ये शटर १/१०० ठेवा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. १/१२५ नको, १/१०० च. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि १/१०० वर प्रत्येक फोटोत एक आणि १/५० वर दोन पूर्ण लुकलुकी येतात. त्याहून वेगवान शटरला स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे दिसू लागतात. दाणे थोडे वाढतील, पण दाणे चालतात, पुसट चेहरा चालत नाही.

व्हिडिओ हे मुख्य काम असेल तर माझं मत आयफोन. ४के ६० मध्ये रंग आणि उजेड चालत्या व्हिडिओत उड्या मारत नाहीत. अँड्रॉइडवाले जवळ आलेत, बरोबरीला नाही.

रेंजवाला

कोकण आणि दोन सिम वाचून थांबलो. हा मुद्दा कॅमेऱ्याइतकाच मोठा आहे.

आधी सिम. एस२५, १३एस आणि एक्स२०० एफई यांत दोन प्लॅस्टिक सिम बसतात. भारतातला आयफोन १७ आणि पिक्सेल १० यांत एक सिम आणि दुसरं ई-सिम. जिओ आणि एअरटेल दोन्ही ई-सिम देतात, पण फोन बंद पडला तर सिम काढून जुन्या हँडसेटमध्ये टाकायची सोय जाते. यूपीआय नव्या फोनवर चालू करायला त्याच नंबरवरून एसएमएस जावा लागतो, म्हणून बँकेचा नंबर प्लॅस्टिक सिमवर ठेवलेला बरा.

मोडेम, म्हणजे टॉवरशी बोलणारी चिप: एस२५ मध्ये क्वालकॉमचा एक्स८०, आयफोन १७ मध्येही क्वालकॉम. पिक्सेल १० मध्ये प्रोसेसर टीएसएमसीकडे गेला तरी मोडेम सॅमसंगचा एक्झिनॉस ५४०० च आहे. तो जुन्या ५३०० पेक्षा सुधारलेला आहे, पण कमी रेंजमध्ये बॅटरी जास्त खाणं ही पिक्सेलची जुनी दुखरी जागा. सिग्नल क्षीण असला की फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकदीने प्रक्षेपण करतो. तेव्हा स्क्रीन बंद असूनही फोन कोमट लागतो.

गावी गेल्यावर रेंजच्या काड्या बघू नका, प्रत्येक कंपनी त्या वेगळ्या मोजते. सॅमसंगवर डायलरमध्ये *#००११#, पिक्सेलवर *#*#४६३६#*#*, आयफोनवर *३००१#१२३४५#* लावा; आयफोनवर कॉलचं बटणही दाबावं लागतं. आरएसआरपी नावाचा, सिग्नलची ताकद सांगणारा आकडा शोधा. उणे ९० किंवा त्याहून चांगला असेल तर उत्तम, उणे १०० च्या आसपास चालण्याजोगा, उणे ११० च्या खाली गेला की बॅटरी गळते. अशा ठिकाणी सेटिंगमधून नेटवर्क '४जी' वर आणा, एवढ्यानेच स्टँडबाय बराच सुधारतो.

जिओच्या ५जीला गावाकडे ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, तो लांबवर आणि भिंतीआड पोचतो. ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वेगवान, पण जाड चिऱ्याच्या भिंतीत अडकतो. आणखी एक: जिओचं ५जी स्वतंत्र चालतं, एअरटेलच्या फोनसाठीच्या ५जीला बहुतेक ठिकाणी ४जीचा आधार लागतो, म्हणजे फोनला दोन्ही रेडिओ जागे ठेवावे लागतात. डेटासाठी गावी जिओ आणि कॉलसाठी एअरटेल ठेवलं तर बॅटरी वाचते, अर्थात तुमच्या वाडीत जिओ पोचत असेल तर.

कॉल रेकॉर्डिंग हवं असेल तर: एस२५ वर समोरच्याला घोषणा ऐकू न जाता होतं. पिक्सेल आणि आयफोनवर घोषणा होते.

अँपिअर

सोल्डरगन यांच्या मांडणीत एक भर, आणि थोडा मतभेद. एस२५ मध्ये बॅटरी 'सोडली' म्हणून तो बाद होत नाही, आणि ६,५०० एमएएच म्हणून विवो पाच वर्षं पुढे राहील असंही नाही.

विवो आणि वनप्लसची जादू सिलिकॉन-कार्बन ऋणाग्रात (बॅटरीच्या उणे टोकात) आहे. नेहमीच्या ग्रॅफाइटमध्ये ग्रॅममागे जास्तीत जास्त ३७२ एमएएच मावतात, शुद्ध सिलिकॉनमध्ये त्याच्या नऊ-दहापट. अडचण अशी की लिथियम शिरल्यावर सिलिकॉन फुगून तिप्पट-चौपट होतं, रिकामं झालं की आक्रसतं. या ताणाने कण तडकतात आणि क्षमता घटते. म्हणून ते कार्बनच्या सांगाड्यात थोड्या प्रमाणात मिसळतात. तंत्र खरं आहे, पण फोनमध्ये त्याची पाच वर्षांची कामगिरी अजून बाजाराने पाहिलेली नाही.

दुसऱ्या बाजूला, युरोपात २० जून २०२५ पासून फोनवर ऊर्जेचं लेबल सक्तीचं झालं. त्यात बॅटरी ८० टक्क्यांवर येईपर्यंतची चार्जिंगची आवर्तनं लिहावी लागतात, किमान ८०० हवीतच. एस२५ ला २,००० लिहिलेत, आयफोन आणि पिक्सेलला १,०००. युरोपात विकल्या जाणाऱ्या कोणत्याही फोनचं लेबल 'ईप्रेल' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतं. टिकाऊपणाचा याच्याइतका स्वच्छ आकडा दुसरीकडे मिळत नाही. १३एस मुख्यतः भारतासाठीचा असल्याने त्याचं लेबल तिथे सापडणार नाही.

तर हिशोब असा. एस२५ रोज रात्री चार्ज केला तर वर्षाला ३६५ आवर्तनं. जास्त वापरामुळे दुपारी पुन्हा लावावा लागला तरी ५००. पाच वर्षांत २,५००, म्हणजे लेबलच्या हिशोबाने शेवटी ऐंशीच्या थोडं खाली. पण ४,००० चे ८० टक्के म्हणजे ३,२००, आणि एवढ्यात गावचा दिवस निघत नाही. विवोने ३० टक्के क्षमता गमावली तरी ४,५५० उरतात. त्यामुळे तुमच्या वापरात मोठी बॅटरीच शहाणी, फक्त ती टिकाऊ आहे म्हणून नव्हे, तर झिजल्यावरही उरते म्हणून.

पिक्सेल घेणार असाल तर हे वाचून घ्या: ९ए पासून पुढच्या पिक्सेलमध्ये २०० आवर्तनांनंतर सॉफ्टवेअर बॅटरीचा कमाल व्होल्टेज हळूहळू उतरवायला लागतं, १,००० आवर्तनांपर्यंत. ते बंद करता येत नाही. सुरक्षिततेसाठी चांगलं, पण वापराचे तास दुसऱ्या वर्षापासूनच घटतात.

चार्जर: विवो आणि वनप्लसच्या बॉक्समध्ये मिळतो, बाकी तिघांच्या नाही. एस२५ चे २५ वॅट मिळायला चार्जरवर 'पीपीएस' लिहिलेलं असावं लागतं. लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर पीपीएसशिवाय लावला तर एस२५ साधारण १५ वॅटच घेतो आणि पडद्यावर 'सुपर फास्ट' ऐवजी नुसतं 'फास्ट' दिसतं. आयफोन १७ ला २० मिनिटांत ५० टक्के हा अॅपलचा दावा किमान ४० वॅटच्या चार्जरसाठी आहे. उलट, विवो-वनप्लसचा वेग त्यांच्याच चार्जर आणि केबलवर मिळतो, प्रवासात दुसऱ्याचा लावला तर निम्म्याहून कमी.

कोणताही घ्या, चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावा. एस२५ वर ८०, ८५, ९०, ९५ असे पर्याय आहेत, आयफोनवरही ८० पासून आहेत. आणि एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर नकाशा लावून चार्ज करू नका. अॅपल आणि सॅमसंग दोघांनीही वापरासाठी हवेचं तापमान ३५ अंशांपर्यंत सांगितलं आहे, कोकणच्या बंद गाडीत ते दहा मिनिटांत ओलांडलं जातं. बॅटरी आवर्तनांपेक्षा उष्णतेने लवकर मरते.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आयफोन आणि पिक्सेल यादीतून गेले, अल्ट्रावाइड नाही म्हणून १३एस ही. आता एस२५ की एक्स२०० एफई एवढंच. दोन प्रश्न उरलेत. विवोत मराठी टायपिंगला काही अडचण? आणि वॉट्सॅप नेताना काय काळजी घ्यायची?

सोल्डरगन

टायपिंगला अडचण नाही, दोन्हींवर जीबोर्ड चालतो. भाषांत मराठी घेताना रोमन अक्षरांतून लिहायची आणि थेट देवनागरी अशी दोन्ही मांडणी जोडून ठेवा. बोलून टायपिंगसाठी जीबोर्डच्या सेटिंगमध्ये आवाजाची भाषाही मराठी करावी लागते, नाहीतर तो माइक इंग्रजीच ऐकतो. विवोत विकत घेतल्याच्या दिवशी सोबत आलेले नको ते अॅप काढा आणि विवोच्या अॅप स्टोअरच्या सूचना बंद करा. बँक, वॉट्सॅप आणि अलार्मच्या अॅपना बॅटरीच्या सेटिंगमधून मागे चालायची परवानगी द्या. ती दिली नाही तर फोन ते अॅप झोपवतो आणि मेसेज उशिरा येतात. तक्रारींत 'नोटिफिकेशन येत नाही' म्हणून जे लिहितात, त्यातलं बरंचसं हेच असतं.

रेंजवाला

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाताय, म्हणजे सोपं आहे. जुन्या फोनवर वॉट्सॅप > सेटिंग > चॅट्स > 'ट्रान्सफर चॅट्स' उघडा. नव्या फोनवर त्याच नंबरने वॉट्सॅप सुरू करा, तो क्यूआर कोड दाखवेल, जुन्याने स्कॅन करा. दोन्ही फोनचं वायफाय आणि लोकेशन चालू हवं, दोन्ही चार्जरला लावलेले हवेत. गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपची यात गरज नाही. तीस-चाळीस जीबी असेल तर वेळ लागतो, मध्येच स्क्रीन बंद होऊन तुटू नये म्हणून दोन्हींचा स्क्रीन टाइमआउट आधी जास्तीत जास्त करून ठेवा.

जुना फोन लगेच रिसेट करू नका. नव्यावर सर्वांत जुना फोटो आणि एखादा जुना ऑडिओ उघडून बघा. नुसती यादी दिसणं पुरेसं नाही, कधी मजकूर येतो आणि मीडिया अर्धवट राहतो. यूपीआय आणि बँकेचे अॅप सिम हलवल्यावर नव्याने नोंदवावे लागतात. बऱ्याच बँका नव्या फोनवर पहिल्या २४ तासांत व्यवहाराची मर्यादा कमी ठेवतात, म्हणून मोठं बिल भरायचं असेल तर ते आधी भरून मगच सिम हलवा.